हा बाहेर असताना

"तू इथं काय करतोयस?" मुकादम बाईंनी विचारलं.

पाहुणा विजेच्या खोलीत मुख्य स्विचसमोर उभा होता. नुसता उभा नव्हता. पाय रोवून, हात मागे बांधून, पहाऱ्यावर असल्यासारखा उभा होता. वरच्या मजल्यावर हौदाच्या पोटात मामा उतरले होते. बाकीची माणसं कॉफी प्यायला गेली होती.

"उभा आहे," तो म्हणाला.

"ते दिसतंय मला. कशासाठी?"

"मामा आत आहेत ना. चुकून कुणी येऊन चालू केलं तर?"

बाईंनी स्विचकडे नुसतं बोट दाखवलं. दांडा खाली ओढलेला होता, त्यात एक लोखंडी कडी ओवलेली होती आणि कडीत मामांचं कुलूप लटकत होतं, हिरव्या रंगाचा ठिपका असलेलं. "ते उघडल्याशिवाय दांडा वर जाईल?"

"नाही जाणार. पण बाई, कुलपाला डोळे असतात का? माणूस तो माणूस."

"माणसाला कॉफी प्यावीशी वाटते," बाई म्हणाल्या. "कुलपाला नाही वाटत. जा, निवतेय तुझी."

तो गेला नाही. मामा वर येईपर्यंत तिथंच उभा राहिला. त्याची थंड कॉफी टोळीतल्या लांब्यानं पिऊन टाकली.

कारखाना रद्दीपासून कागद करण्याचा होता. पुठ्ठ्याचे गठ्ठे एका प्रचंड हौदात पडत, तळाशी पोलादी पात्यांचं चक्र फिरे आणि पाण्यात घुसळून त्या सगळ्याचा राखाडी लगदा होई. गठ्ठे बांधलेल्या तारा मात्र विरघळत नसत. त्या चक्राभोवती गुंडाळल्या जात, घट्ट, एकावर एक. चक्राचा आवाज घोगरा झाला की हौद रिकामा करायचा आणि कुणीतरी शिडीनं आत उतरून तारा कापायच्या. आतून वर पाहिलं की छपराचा फक्त एक गोल तुकडा दिसायचा. पाती माणसाच्या कमरेला लागायची. थांबलेल्या पात्यांतून पाणी ठिबकत असायचं आणि आत बोललेलं वर नीट ऐकू येत नसे.

पाहुण्याच्या देशातही असाच हौद होता, याहून लहान, याहून जुना. तिथं कुलपं नव्हती. कुणी आत उतरलं की स्विचपाशी दुसरा माणूस उभा राहायचा, आणि तो बहुतेक वेळा हाच असायचा. "तू आहेस ना बाहेर? मग झालं," असं म्हणून लोक बिनघोर उतरायचे. इतकी वर्षं त्याच्या भरवशावर माणसं आत गेली आणि सगळी वर आली. या गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता. बायकोनं एकदा विचारलं होतं, "अहो, तुम्ही फिटर ना? मग दिवसभर नुसते उभे काय राहता?" तर तो दोन दिवस तिच्याशी धड बोलला नव्हता.

इथं प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप होतं आणि त्याची एकच किल्ली, गळ्यातल्या दोरीत. जितकी माणसं आत, तितकी कुलपं कडीत. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी बोटसुद्धा लावत नसे.

"म्हणजे माणसावर भरवसाच नाही," तो एकदा मामांना म्हणाला होता.

"आधी आमच्याकडेपण माणूसच उभा असायचा," मामा म्हणाले.

"मग?"

"मग कुलपं आली." मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि पाना मागितला. त्यानंतर पाहुण्यानं तो विषय काढला नाही.

मामा हे नाव त्यानंच दिलेलं. त्या म्हाताऱ्या कामगाराची मान पुढे काढून चालायची तऱ्हा थेट त्याच्या आईच्या भावासारखी होती. पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडून "मामा" निघून गेलं. इथल्या लोकांना त्याचा अर्थ कळला नाही, पण उच्चाराची मजा वाटली, आणि बघता बघता सगळा कारखाना त्यांना मामा म्हणू लागला. स्वतः मामासुद्धा फोनवर "मामा बोलतोय" म्हणायला लागले. बदल्यात त्यांनी याला पाहुणा करून टाकलं.

"पाहुणा कधीपर्यंत?" त्यानं विचारलं होतं.

"पक्का होईपर्यंत. मग तुझं खरं नाव शिकू," लांब्या म्हणाला होता. लांब्या मालगाडा चालवायचा. गठ्ठे उचलून हौदापर्यंत न्यायचे हे त्याचं काम. उंच इतका की दरवाजातून येताना नमस्कार केल्यासारखा वाकायचा.

पाहुण्याला इथलं बरंच काही पचायला जड गेलं. सगळे एकमेकांना अरे-तुरे करायचे, अगदी मोठ्या साहेबालाही. त्याची जीभ तिथं अडायची. तो "तुम्ही"वर ठाम राहिला. जेवताना कुणी कुणाच्या डब्याला हात लावत नसे. कुणी कुणावर ओरडत नसे. हे शेवटचं त्याला सगळ्यात चमत्कारिक वाटे. त्याच्याकडे मुकादम आई-बापाचा उद्धार करायचा आणि मग संध्याकाळी खांद्यावर हात टाकून घरी सोडायचा. इथं बाईंचा आवाज कायम एका पट्टीत. त्या रागावल्यात की खूश आहेत, काही थांग लागत नसे.

एकदा लांब्यानं गाडा मागे घेताना गोदामाच्या लोखंडी दाराला भोक पाडलं. आसपास कुणी नव्हतं. पाहुणा तेवढा होता. त्यानं डोळ्यांनीच खूण केली: चल, मी पत्रा ठोकून देतो, कुणाला पत्ता लागणार नाही. लांब्या खाली उतरला, सरळ बाईंकडे गेला आणि म्हणाला, "दार मी फोडलं. मागे बघितलं नाही."

"बरं झालं सांगितलंस," बाई म्हणाल्या. "लागलं नाही ना कुणाला?" बस, संपलं.

त्या रात्री त्यानं बायकोला फोनवर ही गंमत सांगितली. "अगं, साधा भोळा नाही, मूर्खच! आपल्या पायानं फाशीच्या दोराकडे."

"पण दिली का फाशी?" तिनं विचारलं.

"नाही दिली."

"मग मूर्ख कसा?"

"तुला नाही कळायचं. मोठा हिशेब नंतर करत असतील."

पक्का होण्याची इथली रीतही अजब होती. साहेब ठरवत नसत. उमेदवारीची मुदत संपली की बाई टोळीतल्या प्रत्येकाला, नव्या माणसाच्या देखत, एकच प्रश्न विचारायच्या: हा बाहेर असताना तू आत जाशील का? हो किंवा नाही. कारण कुणी विचारायचं नाही आणि कुणी द्यायचं नाही. एक जरी नाही आलं तरी माणसाला काम सोडून परत जावं लागे.

हे लांब्यानं सांगितलं तेव्हा पाहुणा मोठ्यानं हसला होता. आयुष्यभर ज्या परीक्षेत तो पहिला आला, नेमकी तीच! त्यानं घरी कळवून टाकलं: समजा झालंच. पक्का झाल्याशिवाय बायको-मुलीला आणायची परवानगी मिळत नव्हती, आणि छकुली तिकडे फोनवर इथल्या भाषेतले शब्द घोकत बसली होती. "बाबा, तिथं शाळेतल्या बाईंना पण अरे-तुरे?" "हो गं." "मग त्या मारत नाहीत?" "नाही मारत." "मग मी येते," छकुली म्हणाली.

बायकोनं घरमालकाला जागा सोडत असल्याचं सांगितलं. शिलाईचं मशीन जावेला दिलं.

मामा हल्ली विसरायला लागले होते. दोनदा असं झालं की काम संपवून ते सायकलवर घरी निघून गेले आणि कुलूप कडीत तसंच राहिलं. मग हौद बंद. पुढची पाळी हात बांधून उभी. बाईंनी फोन करायचा, मामांनी धापा टाकत परत यायचं, गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडायचं. दुसऱ्या खेपेला पाऊस होता. भिजलेले मामा सगळ्यांसमोरून विजेच्या खोलीत गेले आणि तसेच परत आले. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. पाहुण्याला वाटलं, याहून चार शिव्या परवडल्या असत्या.

"बाई काय म्हणाल्या?" त्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"म्हणाली, पुन्हा झालं तर हौदावरून काढावं लागेल. फाटकावर बसवेल, ट्रकांच्या पावत्या बघायला."

"असं कसं काढतील? तुमची हयात गेली या हौदावर."

"म्हणूनच," मामा म्हणाले. "तिचं बरोबर आहे." आणि मान पुढे काढून शिडीकडे गेले. घरी त्यांचं कुणी नव्हतं.

मुदत संपायच्या आधीच्या आठवड्यात ते तिसऱ्यांदा घडलं.

पाळी सुटली होती. तारा कापून झाल्या होत्या, हौद रिकामा होता, माणसं हात धुवायला गेली होती. पाहुणा पाना ठेवायला विजेच्या खोलीत आला आणि थबकला. कडीत हिरव्या ठिपक्याचं कुलूप.

तो धावत सायकलींच्या छपराखाली गेला. मामांची सायकल नव्हती. वर जाऊन हौदात वाकला. "मामा!" आवाज घुमून परत आला. तळाशी पाणी ठिबकत होतं, बाकी काही नाही. दुसऱ्या पाळीची माणसं फाटकातून येताना खिडकीतून दिसत होती.

बाईंना सांगावं असं त्याच्या मनात आलंही नाही, हे खरं. आपल्या माणसाची चूक झाकायची, ही गोष्ट त्याला श्वासासारखी ठाऊक होती. कुलूप साधंच होतं. त्याच्या देशात असली कुलपं तो पत्र्याच्या पट्टीनं उघडायचा, शेजारच्या बायका हमखास त्यालाच बोलवायच्या. एक पट्टी, एक झटका. कुलूप खिशात गेलं. रिकामी कडी त्यानं जागेवर टांगली आणि शीळ घालत हात धुवायला गेला.

साबणाचा फेस होत होता तेवढ्यात सुरू होण्याआधीचा भोंगा ऐकू आला. मग जमिनीतून ती ओळखीची थरथर, मग चक्राचा आवाज, स्वच्छ, अडथळा नसलेला. तो आरशात बघून हसला. बिचाऱ्या मामांना पत्ताही नसेल, असं त्याच्या मनात आलं.

सकाळी मामा कपडे बदलायच्या खोलीत एकटेच बसले होते. अंगात घरचेच कपडे. डोळ्यांवर कुठला तरी जुना चष्मा, एका काडीला दोरा गुंडाळलेला. रात्रभर झोप नसल्यासारखा चेहरा.

पाहुण्यानं दार लोटलं, मूठ पुढे केली आणि लहान मुलासमोर उघडावी तशी हळूहळू उघडली. तळहातावर कुलूप.

"घ्या. बाईंना कळलेलं नाही. कुणालाच नाही."

मामांनी कुलपाकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"हे कुठं होतं?"

"कुठं म्हणजे? कडीत. विसरलात की काल."

"लावलेलं होतं?"

"हो. मीच काढलं."

मामांनी डोळे मिटले. त्यांच्या तोंडून एक लांब श्वास बाहेर आला, आणि पाहुण्याला क्षणभर वाटलं, म्हाताऱ्याला हायसं वाटलं. ते खोटंही नव्हतं.

"मी रात्रभर शोधतोय ते," मामा म्हणाले. "घरभर. मला वाटलं मी लावलंच नव्हतं. दुपारभर कुलूप न लावता आत काम करत होतो, असं वाटलं. डोकं गेलं आपलं, असं वाटलं. आत्ता बाईला सांगायला आलो होतो की मी काम सोडतो."

"छे हो! डोकं कशाला जाईल?"

"मी काल परत आलो होतो."

पाहुण्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागचं काहीतरी सरकलं.

"अर्ध्या वाटेत कळलं, चष्मा नाही. हौदातच, आतल्या कडेवर काढून ठेवलेला. आणि किल्ली हाताला लागली तेव्हा आठवलं, कुलूपही राहिलंय. म्हटलं बरंच झालं. कुलूप आहे तोवर चष्मा काढू, मग कुलूप काढू." मामा सावकाश बोलत होते, एकेक पायरी तपासून पाय ठेवावा तसे. "मागच्या जिन्यानं वर गेलो. भोंगा वाजला तेव्हा मी शिडीवर होतो."

बाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. पाहुणा दचकला.

"माझे गुडघे तुला माहीत आहेत," मामा म्हणाले. "आणखी थोडा उतरलो असतो तर वर येता आलं नसतं."

"मी बघितलं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "देवाशप्पथ. वाकून बघितलं, हाक मारली. सायकल बघितली."

"कधी?"

"कुलूप काढायच्या आधी."

"आणि काढल्यावर?"

त्यानं तळहातावरच्या कुलपाकडे पाहिलं.

मामांनी आता हात पुढे करून कुलूप घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. "मला बाईला सांगायला हवं की मी तिसऱ्यांदा विसरलो," ते म्हणाले. "पण ते सांगितलं की ती विचारणार, मग उघडलं कुणी. म्हणून आधी तू सांग. मग मी सांगेन."

"मामा, माझी मुदत..."

"माहितीये."

"घरी जागा सोडलीय आम्ही."

"माहितीये मला. म्हणूनच म्हणतो, तू सांग." आणि ते कपडे बदलायला उठले.

तो दिवस गेला. पाहुणा दोनदा बाईंच्या खोलीपर्यंत गेला. एकदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा फोनवर नव्हत्या, काचेतून त्याच्याकडे पाहून त्यांनी भुवया उंचावल्या, म्हणजे ये. त्यानं हात हलवला, म्हणजे काही नाही, आणि पुढे निघून गेला.

पुढचा दिवसही गेला. मामा काही बोलले नाहीत. त्याच्या देशात ही चांगली खूण होती. दोघांत झालेली गोष्ट जुनी होते, तिच्यावर धूळ बसते, आणि एके दिवशी दोघं मिळून तिच्यावर हसतात. तो मामांच्या तोंडाकडे बघत राही. मामा "दे जरा पाना" म्हणत, "आभारी आहे" म्हणत. हे आभार पूर्वी नव्हते. पूर्वी नुसता हात पुढे यायचा. आता प्रत्येक पान्याला आभार, प्रत्येक बोल्टला आभार. तो जवळून गेला की मामा बाजूला सरकून वाट देत.

हौद घोगरा झाला तेव्हा मामा विजेच्या खोलीत गेले आणि त्यांनी कडीत कुलूप लावलं. मग खिशातून दुसरं काढलं, नवं कोरं, वेगळ्या बनावटीचं, जाड. तेही लावलं.

"अरे, दोन दोन?" लांब्या दारात वाकून म्हणाला. "लग्न-बिग्न ठरलं की काय मामा?"

"म्हातारा झालो. एकावर भागत नाही."

सगळे हसले. पाहुण्यानंही हसायचा प्रयत्न केला. मामा त्याच्याकडे न बघता जिना चढून गेले. तो तिथंच राहिला, त्या दोन कुलपांसमोर. सवयीनं हात मागे बांधले गेले, आणि मग त्यानं ते सोडले. काय करावं त्यांचं, ते कळेना.

"अहो, आवाज का असा?" बायकोनं फोनवर विचारलं.

"सर्दी झालीय."

"उद्या विचारणार ना ते सगळ्यांना?"

"हो."

"मग? तुमच्या तर हातचा मळ तो." ती आनंदात होती. "छकुलीनं पाटीवर आपलं नाव लिहिलंय तिकडच्या अक्षरात. एक अक्षर उलटं गेलंय, पण वाचता येतं. देऊ तिला?"

"नको. झोपू दे."

"झोपलीय कुठे, इथंच तर..."

"नको म्हटलं ना!"

त्यानं खूप दिवसांनी कुणावर तरी आवाज चढवला होता, आणि इथल्या त्या नीटनेटक्या, शांत खोलीत तो आवाज फार मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी पाळी संपायच्या थोडं आधी बाईंनी सगळ्यांना हौदाच्या कठड्यापाशी बोलावलं. हौद थांबलेला होता. तारा पुन्हा अडकल्या होत्या. लांब्या होता, गठ्ठे सोडणारे दोघे भाऊ होते, मामा होते. बाईंनी हातमोजे काढून पट्ट्याला अडकवले. सोहळा वगैरे काही नव्हता.

पाहुणा त्यांच्या समोर उभा होता. अजूनही वेळ आहे, असं त्याला वाटत होतं. एक वाक्य तर होतं. लांब्याचं वाक्य त्याच्या कानात होतं, त्याच चालीवर म्हणायचं: कुलूप मी काढलं. त्यानं ओठ उघडले. पण त्या ओठांमागे त्याचा जुना मुकादम होता, भाऊबंद होते, झाकून नेलेल्या सगळ्या लहानमोठ्या गोष्टी होत्या, आणि छकुलीचं ते उलटं अक्षर होतं. ओठ पुन्हा मिटले.

"हा बाहेर असताना तू आत जाशील?" बाईंनी थोरल्या भावाला विचारलं.

"जाईन."

"तू?"

"जाईन," धाकटा म्हणाला.

"मी तर जाईन आणि झोपेन पण आत," लांब्या म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "जाईन," तो म्हणाला.

"मामा?"

मामांनी दोऱ्याचा चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला. त्यांना घाई नव्हती. त्यांनी पाहुण्याकडे पाहिलं, सरळ, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्या नजरेत राग शोधून सापडला नसता. ते वाट बघत होते. अगदी शेवटपर्यंत, अगदी आत्ताही, ते वाट बघत होते, हे पाहुण्याला स्पष्ट दिसलं. त्यानं नजर खाली, थांबलेल्या पात्यांकडे वळवली.

"नाही," मामा म्हणाले.

लांब्यानं मान झटकन वळवली. भावांनी एकमेकांकडे पाहिलं. पण कुणी का म्हणून विचारलं नाही. बाईंनी मान हलवली, वजनाचा आकडा ऐकावा तशी.

"ठीक. महिनाअखेरपर्यंत तू आहेस," त्या पाहुण्याला म्हणाल्या. "प्रवासाचं मी बघते."

"आणि मला तुझ्याशी बोलायचंय," मामा बाईंना म्हणाले. "माझ्याबद्दल. पाळी सुटल्यावर येतो."

पाहुण्याला कळलं, ते काय सांगणार आहेत. उद्यापासून हे हौदावर नसतील. फाटकावरच्या काचेमागे मान पुढे काढून बसलेले असतील. त्याच्यामुळे नव्हे, त्याला वाचवता आलं नाही म्हणूनही नव्हे. विसरले होते, म्हणून.

मग थोरला भाऊ हौदात वाकून म्हणाला, "तारा कुणी काढायच्या?"

पाळी पाहुण्याचीच होती. तो खाली गेला, आपलं कुलूप कडीत लावलं, किल्ली गळ्यात टाकली आणि वर येऊन शिडी उतरू लागला. कुणी अडवलं नाही. जाताना लांब्यानं त्याच्या हेल्मेटचा पट्टा ओढून नीट केला.

आत ओल्या कागदाचा तो आंबूस वास होता. पाती त्याच्या कमरेला लागत होती. तो गुडघ्यावर बसला आणि बोटांनी तारेचं टोक शोधू लागला. वर छपराचा गोल तुकडा. वर, बाहेर, ती सगळी माणसं. त्यातला एक जण नाही म्हणाला होता, आणि तोही बाहेरच होता. पाहुण्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिलं. काळीज शांत चाललं होतं. या लोकांच्या भरवशावर आत बसायची त्याला जराही भीती वाटत नव्हती, आणि हे कळलं तेव्हा मात्र त्याला थोडा वेळ काम सुचेना.

मग त्यानं पहिली तार कापली, दुसरी कापली. तिसरी जाड होती. पक्कड घसरत होती.

"मोठी कातर द्या," त्यानं हाक मारली. ती वर पोहोचली की नाही, त्याला कळलं नाही. तो तारेशी झटत राहिला.

थोड्या वेळानं गोलाच्या कडेवरून एक म्हातारा हात खाली आला, खांद्यापर्यंत, जितका येईल तितका. हातात कातर होती. पात्यांची बाजू मामांनी स्वतःच्या मुठीत धरली होती आणि दांडे त्याच्याकडे केले होते.

तो उठला, टाचा उंचावल्या, आणि ती घेतली.